खारजमिनीची उघाडी आणि अतिवृष्टीचे नवे मान

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर शिरवणे व आसपासच्या गावांत एके काळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर लोकांचा निर्वाह चाले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढे येथील जमीन नव्या मुंबईसाठी संपादन करण्यात आली. खाचरे गेली, भरती-ओहोटी राहिली. मात्र त्या भरतीशी ज्याची गाठ पडते तो पाऊस आता पूर्वीच्या रीतीने पडत नाही. पनवेल, उरण व पेण तालुक्यांत आजही खारजमीन कसणाऱ्या शेतकरी बंधूंनी याचा विचार करणे अगत्याचे आहे.

२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या वृष्टीत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरवरील कुलाब्यास त्याच अवधीत जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. तालुक्याच्या सरासरीवर विसंबणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्या. नवल असे की, याच काळात तेथील मोसमाचा एकंदर पाऊस घटला, आणि बंगालच्या उपसागरातून येणारी जोरदार कमी दाबाची वादळेही कमी झाली. वादळे कमी, तरी अतिवृष्टी अधिक, हे कसे? उत्तर अरबी समुद्र तापल्यामुळे पश्चिमेकडील मोसमी वाऱ्यांत चढउतार वाढले आहेत. मधूनच वाऱ्याचा जोर एकाएकी वाढतो, विपुल बाष्प भूमीवर येते आणि दोन-तीन दिवसांत कोसळते.

खारजमिनीस पाऊस हवाच असतो, कारण मातीतील क्षार धुऊन जातात ते त्याच्याच पाण्याने. परंतु धुतलेले पाणी बाहेर पडले पाहिजे. एका हेक्टरवर २०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे वीस लाख लिटर पाणी साचते. भरतीच्या वेळी खाडीच्या पाण्याच्या दाबाने उघाडीची झडप मिटते, आणि ओहोटी लागेपर्यंत हे सारे पाणी बांधाच्या आतच राहते. झडपेत गाळ वा लाकूड अडकले असेल तर ती पुरती मिटत नाही, खारे पाणी आत शिरते आणि नुकतीच लावणी केलेली रोपे जातात. ओहोटीतही ती नीट न उघडल्यास पाणी तुंबून रोपे कुजतात.

यास्तव उघाडीची साफसफाई व बांधाची डागडुजी मृगापूर्वीच उरकावी. अतिवृष्टीचा इशारा मिळताच अमावास्या-पौर्णिमा किती दिवसांवर आहे ते पाहावे, कारण त्या सुमारास उधाणाची भरती असते. इशारा व उधाण एकत्र येत असतील तर आधीच्या ओहोटीत खाचरांतील जादा पाणी काढून टाकावे आणि रोपवाटिकेतील थोडी रोपे उंचवट्यावर राखून ठेवावीत. उघाडी सामाईक असल्यामुळे भरतीच्या वेळी तिच्यावर कोणी थांबायचे, हे गावकऱ्यांनी ज्येष्ठातच ठरवून ठेवावे.