तीस इंजिनांचं रॉकेट

सर्गेई कोरोल्येव हे नाव सर्वसामान्य सोव्हिएत नागरिकांनी पहिल्यांदा वाचलं ते जानेवारी १९६६मध्ये, त्यांच्या निधनाच्या बातमीत. १९५७चा स्पुटनिक त्यांचा, १९६१मध्ये गागारिनला अंतराळात नेणारं रॉकेट त्यांचं. जिवंतपणी मात्र ते फक्त ‘मुख्य रचनाकार’.

चंद्राच्या शर्यतीचा मागोवा घेताना एक गोष्ट मला फार बोचते. नियोजनाचा गजर करणाऱ्या देशातच नियोजनाची वानवा होती. केनेडींनी २५ मे १९६१ला चंद्रावर माणूस उतरवायची मुदत जाहीर केली आणि नासाच्या हाती सगळी सूत्रं आली. मॉस्कोत निर्णय व्हायला ऑगस्ट १९६४ उजाडला, तोही वाटणी करून: चंद्रावर उतरायचं काम कोरोल्येवांकडे, प्रदक्षिणेचं दुसरे रचनाकार चेलोमेई यांच्याकडे. चेलोमेईंकडे ख्रुश्चेव यांचा मुलगा नोकरीला होता. दोनच महिन्यांत ख्रुश्चेव पायउतार झाले आणि चेलोमेईंचं वजनही घटलं.

त्याआधीच इंधनावरून वाजलं होतं. इंजिनांच्या कामात ग्लुश्को यांचा हात धरणारा देशात कोणी नव्हता. त्यांना विषारी, एकमेकांना भिडताच पेटणारी रसायनं हवी होती. ज्यात माणसं बसणार त्या रॉकेटात कोरोल्येवांना ती नको होती. स्टॅलिनच्या काळात दोघांनीही कैद भोगलेली. दोघांचा अबोला मोडून निवाडा देईल असं कोणी नव्हतं. शेवटी काम गेलं विमानांची इंजिनं करणाऱ्या कुझ्नेत्सोव यांच्याकडे. त्यांची इंजिनं लहान, म्हणून कोरोल्येवांच्या एन-१ या चंद्ररॉकेटच्या पहिल्या टप्प्यात ती तीस बसवावी लागली.

अमेरिकेलाही तिच्या चंद्ररॉकेटच्या एफ-१ इंजिनाने रडवलं. आतली ज्योत बेभान थरथरायची आणि इंजिनाच्या ठिकऱ्या उडायच्या. अभियंत्यांनी मग चालू इंजिनातच मुद्दाम छोटे बॉम्ब फोडले, ज्योत किती वेळात सावरते ते मोजलं, आणि इंधन फवारणाऱ्या तबकडीची रचना बदलत राहिले. अशी पाच इंजिनं बसवलेला अख्खा टप्पा जमिनीवर जखडून पेटवून पाहिला. एन-१चा पहिला टप्पा असा एकदाही पेटवला गेला नाही. त्यासाठी लागणारा चाचणीतळ उभारायला ना पैसा मिळाला, ना वेळ. चाचणी थेट उड्डाणातच. चार उड्डाणं झाली, चारही फसली. ३ जुलै १९६९ला तर रॉकेट तळावरच कोसळलं. सतरा दिवसांनी आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले.

१९७४मध्ये ग्लुश्को कोरोल्येवांच्या जुन्या संस्थेचे प्रमुख झाले आणि एन-१ थांबलं. त्याच्या टाक्यांचे तुकडे बायकोनूरच्या अवकाशतळावर शेडवर छप्पर म्हणून चढले. सुधारून तयार ठेवलेली इंजिनं मोडीत काढायचा हुकूम कुझ्नेत्सोव यांनी पाळला नाही; ती गोदामात जपून ठेवली. २०१३मध्ये व्हर्जिनियातून एक अमेरिकी रॉकेट उडालं, ते त्यांतल्याच दोन इंजिनांवर.