दुसऱ्या गल्लीतला निरोप

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भानगडीत पडावे, हे आमच्या स्टाफरूमला मुळीच मानवले नाही. पण परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी बी.ए.ची एक मुलगी रडवेली होऊन समोर उभी राहिली, तेव्हा माझा इलाज खुंटला. ग्रंथालयाची बाकी आहे म्हणून तिचा फॉर्म नाकारला होता. पुस्तके तर तिने माझ्यादेखत परत केली होती!

संगणक विभागातल्या तरुण सहकाऱ्याला गाठले. त्याने चहाबरोबर हकिगत उलगडली. ऑफिसचा एसक्यूएल सर्व्हर एका इमारतीत, ग्रंथालयाचा पलीकडच्या गल्लीत. फॉर्म कसा तपासायचा याची सारी कृती ऑफिसच्या सर्व्हरच्या पोटातच लिहून ठेवलेली असते. तिला म्हणायचे स्टोअर्ड प्रोसीजर. या प्रोसीजरने मधेच ग्रंथालयाला विचारायचे, 'हिची बाकी आहे का?' त्यासाठी तो सर्व्हर 'लिंक्ड सर्व्हर' म्हणून आधी नोंदवायचा, मग पत्ता चार पदांत लिहायचा : सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा, टेबल.

खरी गोची पुढेच. पलीकडचे टेबल आपल्याकडच्या यादीशी जोडले, की सर्व्हर कधीकधी ते अख्खे टेबल इकडे ओढून आणतो आणि मग त्यातली एक ओळ निवडतो. शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी आणि तिने पोते पाठवावे! 'ओपनक्वेरी' वापरली तर प्रश्न पलीकडेच सुटतो, इकडे फक्त उत्तर येते. पण तिला व्हेरिएबल चालत नाही. प्रश्न अक्षरशः लिहून द्यावा लागतो. (व्याकरणाच्या मास्तरासारखी हट्टी!)

त्या दिवशी लाइन मंद, आणि वरून पोतेच येत होते. कोणी बदलले नसेल तर सर्व्हर अशा प्रश्नाच्या उत्तरासाठी 600 सेकंद थांबतो. दहा मिनिटांनी एरर आली. आणि एरर आली की 'बाकी आहे' असे धरावे, असे मूळ प्रोसीजर लिहिणाऱ्याने ठरवून टाकले होते. उत्तर आले नाही म्हणजे मुलगी दोषी! एसक्यूएलला स्वतःला खरे, खोटे आणि 'अज्ञात' अशी तिन्ही उत्तरे ठाऊक आहेत, हे ऐकून तर मी थक्कच झालो.

सहकाऱ्याने दुपारीच दुरुस्ती केली. प्रश्न 'एक्झेक्युट' आणि 'अ‍ॅट' या शब्दांनी पलीकडे धाडायचा, प्रश्नचिन्हाच्या जागी रोल नंबर भरायचा, पंधरा सेकंदच थांबायचे. आणि उत्तर न आल्यास फॉर्म घेऊन चौकशी मागाहून करायची.

मुलीचा फॉर्म पाच वाजून दहा मिनिटांनी खिडकीतून आत गेला. तिची पाचची एस.टी. मात्र हुकली होती.