ठोसे, पैसा आणि आईचा जीव

परवा माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळेत आली. डोळ्यांत पाणी! "बाई, झिलाक जरा समजावा. बॉक्सर होतलंय म्हणता. पैशे घेवन मार खावचो, ह्यो कसलो धंदो?"

मी तरी एकदम काय सांगणार? तिला चहा दिला आणि विजेंदर सिंगची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगते.

हरियाणातल्या भिवानीजवळचं कालुवास हे त्याचं गाव. वडील एस. टी.सारख्या सरकारी बसचे ड्रायव्हर. थोरला भाऊ मुष्टियुद्धाच्या जोरावर सैन्यात लागला, ते पाहून धाकट्यानेही हातमोजे चढवले. 2004 साली अथेन्सला तो पहिल्याच फेरीत हरला. पण 2008 साली बीजिंगला त्याने कांस्यपदक मिळवलं. मुष्टियुद्धातलं भारताचं हे पहिलं ऑलिंपिक पदक, बरं का! हरियाणा पोलिसांत अधिकाऱ्याची नोकरीही मिळाली.

इथवरचा खेळ हौशी. म्हणजे देशासाठी खेळायचं, आणि तेव्हा डोक्याला संरक्षक टोपही असे. 2015 साली तो व्यावसायिक झाला आणि सगळंच बदललं. डोक्यावर टोप नाही, अंगात बनियन नाही. फेऱ्या आधी चार, मग वाढत दहा-बारापर्यंत. लढतीगणिक पैसा, आणि हरलं की भावही उतरतो. तिशीच्या उंबरठ्यावर मँचेस्टरला जाऊन त्याने पुन्हा पहिलीपासून धडे गिरवले. 2016 साली दिल्लीत, ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या केरी होपला त्याने दहा फेऱ्यांत हरवलं. 2017 साली मुंबईत वरळीला चीनचा झुल्पिकार हरला. एकूण बारा लढती, बाराही विजय!

आणि मग आपल्या शेजारी गोव्यात काय झालं? 19 मार्च 2021. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रिंगण बांधलं होतं. समोर रशियाचा उंचापुरा, वयाने लहान आर्तिश लोपसान. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. विजेंदर हरला. वय पस्तीस. आता संपलं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण सतरा महिन्यांनी, ऑगस्ट 2022 मध्ये, रायपूरला घानाच्या मुष्टियोद्ध्याला त्याने दुसऱ्याच फेरीत लोळवलं.

त्या माउलीला मी एवढंच म्हटलं, "अहो, त्याने आधी हौशी खेळात नाव काढलं, पोटापाण्याची सोय केली, मगच पैशाच्या रिंगणात उडी घेतली. तुमच्या मुलाला नको म्हणू नका, क्रम शिकवा." दहावी सुटता कामा नये. शिकवणारा जाणता हवा. डोक्याला मार लागला तर 'काही नाही होत' म्हणून हळद लावून गप्प बसायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं आणि ते सांगतील तितके दिवस सराव बंद. आणि हरून आला, तर त्या रात्री टोमणा न मारता पेज-भात वाढायचा.

मुलगा आता पहाटे किनाऱ्यावर धावतो आणि संध्याकाळी माझ्याकडे गणितं घेऊन बसतो. आईचा जीव अजून टांगणीलाच आहे. तो राहणारच, नाही का? पण परवा ती म्हणाली, "बाई, सकाळी दोन अंडी जास्त उकडतंय त्याच्यासाठी."