काळ्या पट्ट्याचे अर्थशास्त्र

जून महिन्यात शाळा उघडल्या की शहरांतील भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर ज्यूडो-कराटेच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. मुलगी शिकवणीहून अंधार पडल्यावर एकटी घरी येते, या एका विचाराने कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरच्या अंदाजपत्रकात या वर्गाच्या फीला जागा करून दिली जाते. मासिक फी हा खर्चाचा केवळ प्रारंभ होता, हे मात्र पालकांच्या मागाहून ध्यानात येते. गणवेश येतो, शिबिर येते आणि दर तीन महिन्यांनी नव्या रंगाच्या पट्ट्याची परीक्षा येते. ‘हा सारा धंदा झाला आहे’ असे म्हणून पालक मोकळे होतात. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नसला तरी अपुरा आहे. धंदा का झाला, हे कळण्यासाठी वर्गाचा जमाखर्च उघडून पाहिला पाहिजे.

भाड्याचा बोजा

उदाहरणादाखल पन्नास विद्यार्थ्यांचा एक वर्ग घ्यावा. पुढील आकडे गृहीत धरलेले आहेत. गावोगाव ते बदलतील, त्यांचे परस्परांशी असलेले नाते सहसा बदलणार नाही. दरमहा १,००० रुपये फी धरली तर जमा ५०,००० रुपये. जागेचे भाडे ३०,०००, वीज, झाडलोट व मॅटची झीज ४,०००, मदतनिसाचे मानधन ६,०००. शिक्षकाच्या हाती उरतात १०,०००. वार्षिक परीक्षांच्या व सुटीच्या दिवसांत विद्यार्थी तीसवर आले की जमा ३०,००० वर येते. खर्च मात्र ४०,००० च राहतो. भाडे द्यावे लागते ते चोवीस तासांचे आणि वर्ग भरतो तो संध्याकाळचे दोन-तीन तास. अर्थशास्त्रात ज्याला स्थिर खर्च म्हणतात, त्याचे ओझे पेलताना वर्ग वाकतो तो येथेच.

ही तूट पट्ट्याच्या परीक्षेतून भरून निघते. पन्नास मुलांकडून प्रत्येकी १,००० रुपये परीक्षा-फी घेतली आणि पट्टा व प्रमाणपत्र यांवर प्रत्येकी २०० खर्च झाले, तर एका परीक्षेत ४०,००० रुपये सुटतात. म्हणजे महिन्याला सुमारे १३,३००. तीन महिने शिकवून जे मिळत नाही, ते एका रविवारच्या परीक्षेत मिळते. शिकवण्यापेक्षा परीक्षा घेणे अधिक किफायतीचे ठरले की नापास कोणी व्हावयाचे, हा प्रश्नच उरत नाही.

खोटे नाणे, खरे नाणे

पट्ट्याची मूळ कल्पना अशी नव्हती. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, कोदोकान ही ज्यूडोची शाळा काढली. कानो स्वतः अध्यापक होते; त्यांचा चरितार्थ शिष्यांच्या फीवर अवलंबून नव्हता. त्यांनी ठरविलेल्या श्रेणी प्रावीण्याच्या निदर्शक होत्या. गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ साली कराटेत पहिले काळे पट्टे दिले, ते कानोंच्याच पद्धतीवरून. पिवळा, हिरवा, तपकिरी अशी रंगांची उतरंड युरोपात दोन महायुद्धांच्या दरम्यान रूढ झाली. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’ या चित्रपटानंतर कराटे हे नाव आपल्याकडेही तरुणांच्या तोंडी झाले, तेव्हा ही उतरंड तयारच होती.

पट्टा म्हणजे गुणवत्तेचे चलन होय. परंतु हे नाणे खरे की खोटे, हे पालकाला पारखता येत नाही. रंग तेवढा दिसतो. शेजारच्या वर्गात वर्षभरात चार पट्टे मिळत असता, एकाच पट्ट्यावर वर्ष काढावयास लावणारा प्रामाणिक शिक्षक मुले गमावतो. खोटे नाणे खऱ्याला चलनातून हुसकावून लावते, हा ग्रेशॅमचा सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो. पैशांचे नुकसान एक वेळ सोसता येईल. पण पट्ट्याच्या भरवशावर अंगी नसलेले बळ आपल्यापाशी आहे असे मानणारी मुलगी प्रसंगी अधिक धोक्यात सापडते, याची भरपाई कशाने होणार?

तालमीचा धडा

आपल्या तालमींचा हिशेब याच्या नेमका उलट होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला आश्रय दिला. १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. पेठेपेठेतील तालमींमध्ये पैलवानाचा मोठा खर्च खुराकाचा. दूध, तूप, बदाम यांचा. जागेचा भार दरबार वा पेठ उचलत असे. त्यामुळे वस्तादाला शागिर्दाची खोटी स्तुती करून भाडे भरावे लागत नव्हते. आणि गुणवत्तेचा निकाल मैदानात, हजारो डोळ्यांसमोर लागत होता. राजाश्रयाचे ते दिवस परत येणार नाहीत, आणि त्या तालमींत मुलींना स्थान नव्हते हेही विसरून चालणार नाही. परंतु जागा समाजाची असावी, हे तत्त्व आजही घेण्याजोगे आहे.

शाळांची सभागृहे संध्याकाळी कुलूपबंद असतात. वरील उदाहरणातील वर्गाला असे सभागृह ८,००० रुपयांत मिळाले, तर एकूण खर्च १८,००० वर येतो. फी ८०० केली तरी शिक्षकाला २२,००० उरतात; परीक्षेतून एक पैसाही न घेता जवळजवळ पूर्वीइतकेच. पालकाचे दरमहा २०० आणि तिमाहीचे ८०० वाचतात. शिपायाचा जादा वेळ, मोडतोड, अपघाताची जबाबदारी या मुख्याध्यापकांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण अनामत रक्कम, विमा आणि लेखी करार यांनी त्या सुटू शकतात. त्याबदल्यात शाळेने दोन अटी घालाव्यात : परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने घ्यावी आणि तिची फी प्रत्यक्ष खर्चाइतकीच असावी.

‘समग्र शिक्षा’ योजनेत सरकारी शाळांतील मुलींच्या आत्मसंरक्षण-प्रशिक्षणासाठी तीन महिने, दरमहा ५,००० रुपयांची तरतूद झाली, ती स्वागतार्हच होय. मात्र तीन महिन्यांत अंगाला वळण लागते न लागते, तोच वर्ग संपतो. बारमाही वर्गासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. संध्याकाळी सभागृहाचे कुलूप निघण्याची आहे. पट्ट्याचा खरेपणा शिक्षकाच्या सचोटीवर सोपवून समाजाने स्वस्थ बसू नये. महिनाअखेरीस भाड्याची चिंता डोक्यावर असलेल्या माणसाकडून मुलांना नापास करण्याचे धैर्य अपेक्षिणे, हा न्याय नव्हे.