घरातली भांडणं आणि साठीतलं मन

शेजारच्या घरात आवाज चढला तरी काही माणसांच्या छातीत धडधड सुरू होते. वय साठीचं, भांडण दुसऱ्यांचं; मग शरीर का दचकतं? उत्तर बालपणात असू शकतं.

आईवडिलांची रोजची भांडणं ऐकणाऱ्या मुलाच्या मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे धोका हेरणारा भाग, सतत सावध राहतो. त्याच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. भांडण मिटलं की ते उतरायला हवं. पण इशारे रोजचेच झाले, तर नुसतं मांजर जवळून गेलं तरी वाजणाऱ्या चोरघंटेसारखी ही यंत्रणा हळवी होऊन बसते. पुढे आजारपण, नोकरी जाणं, जिवलगाचा मृत्यू असे आघात आले की अशा मनाला नैराश्य लवकर गाठू शकतं. गाठतंच असं मात्र नाही.

मग अशा माणसाचं लग्नाने काय होतं? लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७८मध्ये पुस्तकरूपाने मांडला. तिथे बालपणीचा घाव भांडणांहून वेगळा होता: वयाच्या अकराव्या वर्षाआधी आई गमावलेल्या स्त्रिया संकटात अधिक सहज खचत होत्या. नवऱ्याशी किंवा जोडीदाराशी मन मोकळं करता येणाऱ्या स्त्रिया मात्र त्याच संकटांत बऱ्याच तगून राहत. आधार होता तो या बोलण्याचा. संसारात तीच जुनी धुसफूस असेल, तर ताणाची संप्रेरकं पुन्हा चढतात. म्हणून खचलेल्या मुलामुलींना ‘लग्न झालं की सगळं ठीक होईल’ असं सांगणं मला घातक वाटतं. नैराश्यावर समुपदेशन आणि औषधं यांचा उपयोग उतारवयातही होतो.