‘नऊ दाबा’ म्हणणारा फोन

मागच्या आठवड्यात कापूस वेचता वेचता आमच्या गटातल्या एका काकूंचा फोन वाजला. माणूस नाहीच, नुसता भरून ठेवलेला आवाज : तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, माहितीसाठी नऊ दाबा. काकू ओटी सांभाळत धुऱ्यावर माझ्याकडे आल्या. “ताई, माहा नंबर बंद होऊन राह्यला म्हन्ते. नऊ दाबू काय?”

त्यांची भीती काही खोटी नव्हती. बँकेचा मेसेज, गॅसचं बुकिंग, लाडक्या बहिणीचे पैसे, सगळं त्या एकाच नंबरावर.

नऊ दाबलं की पलीकडे बोलणारा येतो. आधी टेलिफोन खात्याचा साहेब, मग पोलीस, मग ‘डिजिटल अरेस्ट’. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. आणि नंबर बंद करतो म्हणून सरकारचं ट्राय कुणाला फोन करत नाही.

“पण नंबर तर आपल्याकडचाच दिसला,” काकू म्हणाल्या. खरी मेख तिथेच आहे. परदेशात बसलेला चोर इंटरनेटवरून फोन लावतो आणि आपल्या स्क्रीनवर +९१ चा खोटा नंबर उमटवतो. त्यासाठी दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ ला एक यंत्रणा सुरू केली. बाजार समितीच्या गेटवर जशी प्रत्येक गाडीची नोंद होते, तसं बाहेरदेशातून येणारा कॉल आत घेण्याआधी तपासला जातो. +९१ चा नंबर दिसतो, तर ते सिम आत्ता खरंच परदेशात आहे काय? तुमचा लेक इथलंच सिम घेऊन दुबईला गेला असेल, तर त्याचा फोन लागेल. पण सिम दर्यापूरच्या वावरात आणि कॉल बाहेरदेशातून, तर तो गेटवरच अडतो. पहिल्या चोवीस तासांत असे सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. +९१ चा नंबर दाखवत बाहेरून आलेल्या दहा कॉलपैकी नऊ खोटे! मला तर आकडा वाचून धडकीच भरली.

मग चोरांनी वाट बदलली. काही जण आता उघड परदेशी नंबरावरूनच फोन करतात. + नंतर ९१ सोडून दुसरा आकडा असेल आणि आपलं कुणी बाहेर नसेल, तर उचलूच नका. असा कॉल आला की स्क्रीनवर ‘इंटरनॅशनल कॉल’ दाखवा, असं सरकारने कंपन्यांना सांगितलं आहे.

दुसरी वाट जास्त वाईट. तिचं नाव सिमबॉक्स. आपल्याच देशातल्या एखाद्या खोलीत एक पेटी, तिच्यात ढिगाने सिमकार्डं. परदेशातला कॉल इंटरनेटवरून त्या पेटीत येतो आणि तिथून साधा गावचा कॉल होऊन निघतो. गेटला तो दिसतच नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवून सिम घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. पण ही सिमकार्डं येतात कुठून? आपल्याच नावावरून. सिम घेताना “अंगठा उमटला नाही, परत लावा” असं म्हणून दुकानदार दुसरंही सिम काढून ठेवू शकतो.

म्हणून येत्या मासिक बैठकीत एक काम करा. ‘संचार साथी’ हे सरकारी संकेतस्थळ उघडा. आपला नंबर आणि आलेला ओटीपी स्वतःच्या हाताने टाका, फोनवर मात्र तो कुणालाच सांगायचा नाही. आपल्या नावावर किती सिम आहेत, ते दिसतं. संशयास्पद फोनची तक्रार तिथेच ‘चक्षु’मध्ये होते. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तडक १९३० लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते बँकेत रोखून धरण्याची आशा जास्त.

काकूंनी नऊ दाबलं नाही. संध्याकाळी त्यांच्या नावावर तीन सिम निघाले. एक त्यांचं, एक लेकाचं. तिसऱ्यावर आम्ही ‘हा माझा नंबर नाही’ दाबून टाकलं.