मध्यम भूकंपप्रवण शहरांतील इमारतींच्या जोखमीचे मूल्यमापन

भूकंपाची संभाव्यता, बाधित होऊ शकणारी लोकवस्ती आणि इमारतींची दुर्बलता या तीन घटकांवर शहराची भूकंपजोखीम अवलंबून असते. म्हणूनच भूकंप क्वचित होणारी शहरे सुरक्षित असतात, हा समज टिकत नाही. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये मोठा भूकंप झाला. केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेले अहमदाबाद तत्कालीन नकाशात मध्यम धोक्याच्या तिसऱ्या क्षेत्रात होते. तरीही तेथील अनेक बहुमजली इमारती कोसळून शेकडो लोक मृत्युमुखी पडले. अशा बऱ्याच इमारतींत वाहनतळासाठी तळमजला मोकळा ठेवला होता. विटांच्या भिंतींमुळे वरचे मजले ताठ राहिले आणि हादऱ्यांचा सारा ताण तळमजल्याच्या खांबांवर एकवटला.

प्रत्येक इमारतीचे सखोल विश्लेषण शक्य नसल्याने मूल्यमापन टप्प्याटप्प्याने केले जाते. प्रथम बाह्य पाहणीत मजल्यांची संख्या, मोकळा तळमजला, आराखड्यातील विषमता व बांधकामाची अवस्था पाहून गुणांकन होते. कमी गुण मिळालेल्या इमारतींत काँक्रीटची ताकद, सळयांची मांडणी व खांबांची क्षमता तपासली जाते. प्रबलित काँक्रीटच्या इमारतींसाठी भारतीय मानक १५९८८ : २०१३ मध्ये मूल्यमापन व मजबुतीकरणाविषयी मार्गदर्शन आहे. मर्यादित निधी सर्वाधिक जीवितहानी संभवणाऱ्या इमारतींकडे प्रथम वळविणे, हेच या मूल्यमापनाचे प्रयोजन होय.